उजव्या हातच्या बांगड्या

नवागाम, सुरत
ता. ४ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. मंगलाताईंच्या सेवेशी,
धाकट्या भावजयीचा, उषाचा, शि. सा. न. वि. वि.

दिवाळीचा डबा पोचला. लाडू तुमच्या भाचीनं, धनूनंच फस्त केले, मला डॉक्टरांनी तूप बंद केलंय. कारखान्यातल्या साड्या सुटे धागे कापायला घरी आणते, तेवढं काम बसल्या बसल्या होतं. जिना चढला की छाती आवळते. ते पित्त नव्हतं, ताई. हृदयाची एक नस चोंदलीय म्हणे. बारीक नळी आत घालून ती मोकळी करायची.

बाकीच्यांना ही नळी मांडीतून घालतात, पण माझी तिथली नस वाकडी निघाली, नळी वर जाईना. मग दवाखान्यातल्या एका नव्या डॉक्टरांनी सांगितलं की मनगटातून जाऊ, वैद्य नाडी बघतो ना, तिथूनच. त्यांनी मनगट दोन्ही बाजूंनी दाबून धरलं आणि मूठ मिटून उघडायला लावली. तळहात पांढराफटक! मग एका बाजूचा अंगठा उचलला, तर हात हळूहळू गुलाबी होत गेला. म्हणाले, हाताला रक्त यायच्या वाटा दोन, एक आपण वापरली तरी दुसरी आहेच. मी आपली खुळ्यासारखी हाताकडेच बघत राहिले.

तेवढ्यात नर्सबेन म्हणाली, बांगड्या काढाव्या लागतील, निघाल्या नाहीत तर फोडू. मी हात ओढून घेतला आणि सरळ घरी आले.

तुम्हाला वेगळं काय सांगू. प्लेगच्या वर्षी सगळी सुरत पळत होती, तेव्हा तुमच्या भावानं मला नि धनूला ट्रकात बसवलं. घराला कुलूप लावून मागोमाग येतो म्हणाले, ते अजून यायचेत. त्याच श्रावणात त्यांनी मला चौटा बाजारात नेऊन ह्या हिरव्या बांगड्या भरवल्या होत्या. तेव्हापासून मी उतरवल्या नाहीत, आता हातही सुजरा झालाय. ह्या फोडल्या तर मी काय कबूल केल्यासारखं होईल, ते तुम्हाला कळतं.

डॉक्टर म्हणतात, थांबाल तर जिवाशी गाठ आहे. धनूनं माझ्याशी अबोला धरलाय. तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण, तुम्ही म्हणाल तसं करीन.

माया आहे तशीच राहू द्यावी,
आपली उषा

&nbsp;

अमळनेर
ता. ९ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. उषास,
मंगलाताईचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी तुला चार शिव्या हासडल्या. काय वं माय, काचेपायी जीव देतेस का? पोरीनं अबोला धरला ते बरंच केलं. इथं कापूस वेचणीला आलाय आणि माझा गुडघा धरलाय, नाहीतर स्वतः येऊन तुझा कान पिळला असता.

बांगड्या फोडायच्या नाहीत. आमची कासारीण शांताबाई सांगते तसं कर. हात कोमट साबणपाण्यात बुडव, वर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढव, अंगठा तळहातात दुमड आणि एकेक बांगडी सरकव. घाई करू नकोस. पाकिटात हळदीचा दोरा घातलाय, तो उजव्या दंडाला बांध. मनगट डॉक्टरांचं, दंड आपला. हात मोकळा राहिला असं कुणी म्हणायला नको.

आणि ऐक. माझा लोटू असता तर त्यानं तुला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं असतं. 'असता' असं लिहून गेले बघ. खोडणार होते, नाही खोडलं. आईच्या मागं मीच त्याला कडेवर वाढवलं, उषा. चार वर्षं दारात कुणी खाकरलं की मीसुद्धा उठते. तुझ्यासमोर बोलायची छाती झाली नाही, एवढंच. तो गेला असेल तर गेला. तू जाऊ नकोस.

दवाखान्यात गेलीस की कळव. नाही गेलीस तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी वाट बघणारी,
मंगलाताई

&nbsp;

नवागाम, सुरत
ता. २१ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. मंगलाताईंना,
उषाचे दोन्ही हात जोडून नमस्कार. वि. वि.

दोन्ही हात जोडता येतात, यातच सगळं आलं! नस मोकळी झाली, आत तारेची इवलीशी जाळी बसवलीय.

बांगड्या धनूनं काढल्या. साबणाचा फेस कोपरापर्यंत, आणि मायलेकी दोघी रडतोय काय नि हसतोय काय. एकीला तडा गेला, बाकीच्या सगळ्या धड निघाल्या. दोरा दंडाला होता. नर्सबेन बघून हसली, पण तिनं तो राहू दिला.

मनगटात सुई टोचली तेवढीच. मग हाताच्या आतून काहीतरी वर सरकतंय असं वाटत राहिलं, दुखत मात्र नव्हतं. शेजारच्या टीव्हीवर माझंच काळीज हलत होतं. काळ्या रेघा उमटायच्या नि पुसल्या जायच्या, पाण्यात शाई सोडल्यासारख्या. गुंगीचं औषध होतं, त्यामुळे किती बघितलं नि किती स्वप्न, सांगता येत नाही. पण ताई, हे आले होते. उंबऱ्यावर बसले होते, बनियनला कारखान्याची रुई चिकटलेली, हातात कुलूप. मी उजवा हात पदराखाली लपवला. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. नळाला पाणी आलं का, एवढंच विचारलं. आलं म्हटलं. मग बरं म्हणाले आणि उठून गेले. मी थांबा म्हटलं नाही.

जागी झाले तर मनगटावर घट्ट पट्टा आवळलेला. मांडीतून नळी घातलेल्या बायका पाय न हलवता आडव्या पडलेल्या, आणि मी संध्याकाळी आपल्या पायानं खिडकीशी गेले. पट्टा सोडल्यावर तिथं बोट ठेवलं. नाडी उडत होती, नुसत्या हातात, काही नसताना. तेव्हा मात्र पोटभर रडले, ताई. त्यांच्यासाठी असं रडायचं राहूनच गेलं होतं.

डाव्या हातातल्या बांगड्या आहेत तशाच आहेत. उजव्यातल्या कुंकवाच्या डबीशेजारी ठेवल्यात. धनू घालू म्हणते, मी राहू दे म्हटलं. हात हलका लागतो, सवय व्हायला वेळ लागेल.

गुडघ्याला तेल चोळा. आणि पुढच्या पत्रात माझ्या नावामागं सौ. लिहायचं की नाही, ते तुमच्या मनाला येईल तसं करा. नाव तेवढं लिहा, मी वाचायला आहे.

तुमची,
उषा