घरात जेवणारी माणसं

माय, घर झालं. वास्तुशांती झाली, सोयरे येऊन घर बघून गेले आणि जाता जाता प्रत्येकजण एकेक चूक दाखवून गेला. कुणाला जिना उलटा वाटला, कुणाला संडास चुकीच्या कोपऱ्यात वाटला. तेवढं मी हसून ऐकून घेतलं. पण ज्यांच्या म्हातारपणासाठी हा सगळा खटाटोप केला, ते आबा त्याच संध्याकाळी आपली खाट उचलून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायला गेले, आणि तिथून माझं जे डोकं उठलं ते अजून जागेवर आलेलं नाही. बोलायला कुणी नाही. बायकोशी बोललो तर ती म्हणते, तुमच्या दोघांच्या भांडणात मला ओढू नका. म्हणून तुला लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, मामाची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो, हे माहीत असूनही लिहितोय.

तुझं मातीचं घर आम्ही पाडलं. त्याच जागेवर नवं बांधलं. गावातल्या गवंड्याने वहीच्या पानावर आखून दिलेलं घर मला नको होतं. नंदुरबारला बियाण्यांचं दुकान टाकून इतकी वर्षं झाली, चार लोक ओळखतात, आयुष्यात एक घर बांधायचं तर ते नीट, आर्किटेक्टकडून बांधायचं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. नाशिकच्या एक मॅडम मिळाल्या. मुलीने त्यांच्या घरांचे फोटो मोबाइलवर दाखवले आणि मी भाळलो. उघडी उघडी घरं, भिंतींतून झिरपणारा उजेड, मधोमध चौकात झाड. मॅडम म्हणाल्या, उष्ण प्रदेशातल्या घराला श्वास घेता आला पाहिजे. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी दुकानावर आलेल्या गिऱ्हाइकांनाही ऐकवत असे. कापसाचं बियाणं न्यायला आलेला माणूस बिचारा पिशवी हातात धरून ऐकायचा.

तर त्या श्वासासाठी हॉलच्या पश्चिमेला पूर्ण भिंतभर विटांची जाळी बांधली. दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू. पण आपल्याकडचं चैत्र-वैशाखाचं वारं म्हणजे काय, हे मॅडमना माहीत नव्हतं आणि मला माहीत असून मी बोललो नाही. तू दहा वाजले की दारं-खिडक्या लावून घ्यायचीस, खिडकीवर ओलं गोणपाट टाकायचीस आणि त्या अंधारात आम्हाला गप्प निजवायचीस. रात्र झाली की सगळ्यांच्या खाटा बाहेर. आपल्या घराने दिवसा श्वास घ्यायचा नसतो, धरून ठेवायचा असतो. आता भर दुपारी त्या जाळीतून फुफाटा आत येतो, सोफ्यावर धूळ बसते, आणि माझ्या बायकोने वैतागून माझ्याच दुकानातली हिरवी शेडनेट आणून जाळीवर आतून बांधून टाकली. एवढं करून आता घराचा हॉल रोपवाटिकेसारखा दिसतो.

पण हे सगळं चालवून घेतलं असतं. माणूस घराला सरावतो. खरी गोष्ट शेडची आहे, तीच सांगतो. बांधकाम सुरू होतं तेव्हा राहायला म्हणून जुन्या गोठ्याच्या जागेवर पत्र्याचं शेड उभं केलं होतं. दोन पावसाळे आम्ही चौघांनी त्यात काढले. आबांनी पहिल्याच दिवशी एका कोपऱ्यात तीन विटा मांडून चूल केली. गॅस होता, तरी केली. दाराला त्यांनी तुझी घुंगरांची माळ अडकवली. आठवते का ती? सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या साजाच्या दुकानासमोर मी हटून बसलो होतो. मला घोडाच पाहिजे होता. तू खापर घ्यायला आली होतीस, पुरणाचे मांडे करायचं ते मातीचं मोठं खापर, आणि माझं रडणं थांबेना तेव्हा तू घोड्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ घेऊन माझ्या गळ्यात घातलीस. परत येताना एस्टीत खापर तुझ्या मांडीवर आणि माळ माझ्या गळ्यात. खड्डा आला की मी वाजायचो आणि तू खापराला घट्ट धरायचीस. मी मोठा झाल्यावर ती माळ तू स्वयंपाकघराच्या दाराला बांधलीस, कोण आत आलं ते कळावं म्हणून. नव्या घराचे दरवाजे सरकते आहेत. त्यांना माळ बांधायला जागाच नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर आबा नव्या स्वयंपाकघरात आले. पांढऱ्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. काचेची शेगडी पाहिली, वरची चिमणी पाहिली, मागचं दार उघडून धुण्याची जागाही पाहिली. मग विचारलं, चूल कुठे आहे? मी म्हणालो, चूल कशाला लागते आता? ते म्हणाले, आखाजीला आगारी कुठे टाकायची?

माय, त्यांचं बरोबर होतं. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, पितरांची घागर भरायची, पाण्याने भरलेल्या घागरीवर खरबूज ठेवायचं, आणि घरच्या चुलीतल्या निखाऱ्यांवर त्यांच्या नावाने मांड्याचा आणि आमरसाचा घास टाकायचा, ती आगारी, हे मी जन्मापासून पाहत आलो. दरवर्षी तुझ्या नावाचा घास मीच टाकतो. आणि एवढं मोठं घर बांधताना विस्तवाला जागा ठेवायचं माझ्या ध्यानात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. मुलीने अभ्यासाची खिडकी मागून घेतली, बायकोने मिक्सरसाठी वेगळा कट्टा मागून घेतला, मी दोन गाड्यांची जागा मागून घेतली. मी सारवासारव करत म्हणालो, त्यात काय, आखाजीला एखाद्या घमेल्यात निखारे करू आणि आणू आत.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा शाळेतला झालो.

"सिमीट कालवेल घमेलामा तुन्ही मायले जेवाले घालशी का?"

एवढं बोलून ते खाट उचलून गेले. मी मागोमाग गेलो. समजावलं, आवाज चढवला, नंतर हातही जोडले. ते खाटेवर पाठ करून निजले. निजण्याआधी एकच म्हणाले, "जठे तिले घास टाकाले जागा नही, तठे मन्हं काय काम शे?"

त्यानंतर ऊन तापत गेलं. पत्र्याखाली काय होतं ते तुला सांगायला नको. नव्या घरात त्यांच्यासाठी खास खोली आहे, उत्तरेची, एसी लावलेली, संडास लागून, आधाराला दांडा बसवलेला. ती रिकामी, आणि ब्याऐंशी वर्षांचा माणूस पत्र्याखाली ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेला. गल्लीतले लोक येता-जाता बघायचे. काय समजत असतील? पोराने महाल बांधला आणि बापाला गोठ्यात ठेवलं. मी कुणाकुणाला सांगत फिरणार? एकदा पारावर एकाने विचारलंच, तर मी त्याच्याशी उगाच भांडून आलो.

त्यात मॅडमचे फोन. त्यांना घराचे फोटो काढून घ्यायचे होते. फोटोग्राफर यायचा होता, आणि समोरून पाहिलं की शेड मध्ये येतं. शेड कधी काढताय? दर फोनला तोच प्रश्न. एक दिवस मी चिडलो आणि सगळं त्यांच्यावर काढलं. म्हणालो, तुम्ही जाळी दिली, चौक दिला, आणि आमच्या घराला लागते ती एक चूल दिली नाही, म्हणून माझे वडील तापलेल्या पत्र्याखाली बसलेत. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, मी पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारलं होतं, घरात जेवणारी माणसं किती?"

विचारलं होतं, माय. दुकानातच बसलो होतो. आबाही शेजारी होते. मी बोटांवर मोजलं, मी, बायको, मुलगी, आबा. चौघं. त्यांनी पुढे विचारलं होतं, गावाकडे चूल लागते का? आणि मी हसलो होतो. नाशिकच्या बाईसमोर मला चूल सांगायची लाज वाटली. मी मोजत असताना आबांनी एकदा माझ्या बोटांकडे पाहिलं होतं, ते मला फोन ठेवल्यावर आठवलं. मी तुला मोजलं नव्हतं.

आखाजी आली. आदल्या दिवसापर्यंत मी ठरवत होतो, की घरातच काहीतरी करून दाखवायचं. मागच्या दारी नवी कोरी मातीची शेगडी आणायची, आबांना हाताला धरून आणायचं. पण सकाळी उठून पाहतो तर बायको शेडमध्ये. मला न विचारता तिने पिठाची परात, पुरण, सगळं तिकडे नेलं होतं. तीन विटांच्या चुलीवर तुझं खापर पालथं घातलेलं, आणि धुराने डोळे पुसत ती हातावर मांडा वाढवत होती. तिने तुला कधी पाहिलं नाही. मी बारावीत असताना तू गेलीस, ती नंतर कितीतरी वर्षांनी घरात आली. पण मांडा मोठा होत कोपरापर्यंत आला तसा तिने खालचा ओठ दाताखाली धरला आणि मला तिथे उभं राहवेना.

आबांनी घागर भरली. मुलीने वर खरबूज ठेवलं. मी आमरसात मांडा बुडवून, वर तूप घालून घास केला आणि चुलीपुढे बसलो, आणि मला तुझी चापट आठवली. लहानपणी अशाच एका आखाजीला आजोबांची आगारी टाकायच्या आधी मी रसात बोट घालून चाटलं होतं. तू माझ्या हातावर सणकन मारलीस. म्हणालीस, "त्या वरीसभर वाट देखतस, तुले घडीभर दम निंघत नही का?" मला तेव्हा तुझा राग आला होता. जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी मला मारतेस. घास निखाऱ्यावर टाकला. तुपाचा चर्र आवाज झाला, धूर उठला आणि पत्र्याच्या फटीतून निघून गेला. मग आम्ही चौघं तिथेच, मातीवर बसून जेवलो. वीस पावलांवर नव्या घरात आठ जणांचं टेबल होतं, आणि जाळीतून त्यावर धूळ बसत होती.

जेवण झालं. आबांनी हात धुतले, तोंड पुसलं, आणि वाकून खाट उचलली. मी म्हणालो, काय झालं? ते सहज, पोट भरलेल्या माणसासारखे बोलले.

"तिन्हं जेवण झायं. आते चाल घरमा. आठे भलतं ऊन लागस."

आणि गेले. तेव्हापासून ते उत्तरेच्या खोलीत आहेत. त्यांना खोली आवडली आहे. एसी इतका थंड करून ठेवतात की मुलगी तिथे अभ्यासाला शाल घेऊन जाते. शेडबद्दल त्यांनी पुन्हा अक्षर काढलेलं नाही. एकदा मीच विचारलं, तर म्हणाले, काढायचं तर काढ, पुढच्या आखाजीला पुन्हा तीन विटा मांडू. इतकं सोपं होतं सगळं. एवढे महिने माझा जीव खालीवर करून झाल्यावर हे इतकं सोपं होतं, आणि त्याचाही मला राग येतो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकतो. रोज दुकानावर जायच्या आधी मी शेडमध्ये जातो. दार ढकललं की घुंगरं वाजतात. चुलीत काही नसतं, राखही थंड असते. तिथल्या उलट्या बादलीवर बसून मी चहा पितो आणि कुणी यायच्या आत बाहेर पडतो. काल मॅडमचा पुन्हा फोन आला, फोटोग्राफर तयार आहे, शेड कधी काढताय? मी म्हणालो, काय करणार मॅडम, आबा ऐकतच नाहीत.