एकदाच विचारणारी पाहुणी

ड्रमकॉन्ड्रा, डब्लिन
बुधवार, ९ जून १९९३

ती. डीलिया आत्या,
शि. सा. न. वि. वि.

मला पुन्हा बाहेर काढलंय. घराबाहेर नव्हे, माझ्या खोलीबाहेर. जून उजाडला की आई माझी गादी उचलून इस्त्रीच्या टेबलामागच्या फटीत टाकते, हे तू जाणतेसच. तिथे पाय पसरले तर दार लागत नाही आणि दार लावलं तर पाय पसरत नाहीत. जरा कुरकुरलो, तर बाबा पेपराआडून म्हणाले की ज्याला दुसऱ्याच वर्षात इंजिनियरिंगचा कंटाळा येतो, त्याने खोलीचाही करून घ्यावा. कॉलेज सोडल्यापासून पाच महिन्यांत ते माझ्याशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य.

पण आत्या, यंदा माझी तक्रारच नाही! शनिवारी भाषाशाळेच्या टूही बाई पाहुणी घेऊन आल्या. (त्याच त्या, दरसाल येऊन आमच्या उशा दाबून बघणाऱ्या.) रीक्का नाव, फिनलंडची, तुर्कू गावची, एकवीस वर्षांची. आठ आठवडे इंग्रजी शिकणार, आमच्याकडे राहणार, ३१ जुलैच्या बोटीने परत. आईने सवयीने विचारलं, कसं वाटलं डब्लिन? स्पॅनिश मुली टॅक्सीतून एक पाय खाली ठेवायच्या आधीच फार सुंदर म्हणून मोकळ्या होतात. ही थांबली, विचार केला आणि म्हणाली की अजून काही वाटलेलं नाही. बाबांनी पेपर खाली घेतला!

आईचं मात्र पहिल्याच दिवशी बिनसलं. जेवण झाल्यावर रीक्काने भांडी घासू का म्हणून विचारलं. आई म्हणाली, छे छे, तू बस बाई. आणि ती खरंच बसली! आईने मग बशा अशा काही आपटल्या की शेजारचं कुत्रं भुंकलं. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणते कशी, एकदा विचारलं की झालं का, राणीसाहेब कुठली!

काल ती सायकलची साखळी निसटली म्हणून मी कामाला जातो त्या सायकलच्या दुकानात आली. मी पुढे झालो तर म्हणाली की तू करू नकोस, दाखव. कोपरापर्यंत काळी झाली, पण साखळी स्वतः चढवली. आत्या, मी संपलो.

आईला यातलं अक्षर कळवू नकोस. तुझा लोभ आहेच, यंदा तो जरा जास्तीचा लागेल.

तुझा,
फियाक्रा

स्नीम, केरी
१४ जून

चि. फियाक्रा,
अ. उ. आ.

पाकिटावर तिकीट उलटं लावलेलं पाहिलं तेव्हाच ओळखलं की कुणी पोरगी आली. चाळीस वर्षं टपालखात्यात काढली आहेत मी. गेल्या साली ती वलेन्सियाची, तिच्यापायी गिटार घेतलीस. त्याआधी लियाँची, तिच्यापायी मांस सोडलंस, नऊ दिवस. आता फिनलंडसाठी काय सोडणार आहेस? कॉलेज तर सोडून झालं.

थट्टा पुरे. टूही बाईंचा नियम तुला पाठ असेलच. घरातल्या मुलाने पाहुणीशी प्रेमाचे चाळे केले, तर ते घर यादीतून कायमचं जातं. तुझी आई पंधरा वर्षं त्या यादीवर आहे आणि तिला त्याचा तुझ्यापेक्षा जास्त अभिमान आहे. मुलगी त्या छपराखाली आहे तोवर तोंड जेवायला आणि हात सायकलीला, एवढंच.

माझं कंबरेचं दुखणं तसंच आहे. शेजारचा पॅकी अंडी आणून देतो आणि माझ्या कोंबड्यांना नावं ठेवतो. अंडी त्यांचीच असतात.

रागाला आवर, जिभेला आवर, आणि म्हातारीला लिहायचा कंटाळा मात्र नको.

डीलिया आत्या

डब्लिन
रविवार, ४ जुलै

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

काय काय सांगू! पानं पुरणार नाहीत, म्हणून बारीक लिहितोय.

पहिली बातमी, बाबा माझ्याशी बोलायला लागले. सरळ नाही, रीक्काच्या मार्फत. पाहुणीशी रोज अर्धा तास जेवताना गप्पा मारायच्या, असा शाळेचा दंडक आहे ना, त्या अर्ध्या तासात तिने बाबांना ते चालवतात त्या बसचे सगळे थांबे विचारून पाठ केले. बाबा विरघळलेच. आता म्हणतात की रीक्का, त्याला सांग मीठ इकडे कर म्हणावं. मी मीठ देतो. सहा महिन्यांत एवढी जवळीक नव्हती!

गुरुवारी तिने भर जेवणात विचारलं की तू कॉलेज का सोडलंस. आईचा चमचा हवेत राहिला. आमच्या घरात तो शब्दच कुणी उच्चारत नाही. मी सगळं सांगितलं, प्राध्यापक माझ्या पुलाच्या नकाशाला हसले, मी पट्टी भिरकावली आणि चालता झालो. तिने विचारलं, तो पूल उभा राहिला असता का? मी म्हटलं, नाही. मग ती थांबली. (तिचं थांबणं तू बघायला हवंस, घड्याळसुद्धा बिचकतं.) मग म्हणाली की म्हणजे त्यांचं हसणं बरोबर होतं, तुझं चिडणंही बरोबर होतं, पण यात सोडून जायचं कारण कुठलं? बाबा इतके हसले की आईने त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर मी टेबल उलथलं असतं. हिच्यापुढे आणखी बटाटे वाढून घेतले.

नियम पाळतोय, शपथ. रविवारी हौथच्या धक्क्यावर जातो तर भिंतीवर ती त्या टोकाला, मी या टोकाला. वाऱ्यामुळे ओरडून बोलावं लागतं. सगळं बंदर ऐकतं आणि आम्ही बोलतो ते फक्त सील माशांबद्दल!

कॉलेजकडून सप्टेंबरचा अर्ज मागवलाय. भरेन असं नाही. नुसता मागवलाय.

लोभात खंड नको, आणि पॅकीला माझा नमस्कार.

तुझा,
फियाक्रा

डब्लिन
शुक्रवार, २३ जुलै

ती. आत्या,
शि. सा. न.

पुढच्या शुक्रवारच्या गाडीने मी तुझ्याकडे येतोय. तिकीट काढलंय. शनिवारी ती जाईल तेव्हा मला या शहरात असायचं नाही.

झालं काय ते ऐक. मागच्या गुरुवारी, १५ तारखेला, पावाला लोणी लावता लावता ती म्हणाली की ऑगस्टमध्ये तिचे आईवडील तळ्याकाठच्या लाकडी घरात असतात. मी तिच्याबरोबर येईन का, दोन आठवडे? आत्या, माझ्या कानात घंटा वाजल्या! मी म्हटलं, जे कुणीही म्हटलं असतं तेच, छे छे, कसं जमणार, तुझ्या घरच्यांना उगाच त्रास. आणि ती काय म्हणाली? बरं, म्हणाली. बरं! आणि लोणी लावत राहिली.

मी थांबलो. शुक्रवारी विचारेल, शनिवारी विचारेल. आज आठ दिवस झाले. एक अवाक्षर नाही. म्हणजे ते नुसतं तोंडदेखलं होतं. मंगळवारी मी जेवताना म्हणालोच की काही लोक थंड देशांतले असतात, त्यांची आमंत्रणंही थंडच. आईने टेबलाखालून लाथ मारली. रीक्का उठली आणि माझ्याच खोलीत जाऊन दार लावून बसली.

मला तिचं तोंडही बघायचं नाही. ते विचार करताना एका बाजूला किंचित कलणारं तोंड, डाव्या भुवईतला तो सायकलवरून पडून झालेला व्रण, ओठ मिटून हसते तेव्हा नाकावर उमटणाऱ्या त्या तीन सुरकुत्या. तीनच, मी मोजल्या आहेत. एखादा शब्द अडला की वर बघते, जणू तो छताला टांगलाय, आणि सापडला की डोळ्यांत असा काही उजेड होतो की खोलीतला दिवा लावायची गरज नाही. यातलं मला काहीही बघायचं नाही. अर्ज फाडून टाकला.

शुक्रवारी संध्याकाळी पोचेन. चहा टाकून ठेव.

फियाक्रा

स्नीम
सोमवार, २६ जुलै

चि. फियाक्रा,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच. इथे यायचं नाही. आलास तर दार उघडणार नाही, चहा तर दूरच.

गाढवा, तिने विचारलं, तू नाही म्हणालास. यात चूक कुणाची? आपल्याकडे दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो. तिला कुणी शिकवलं? पहिल्या रात्री भांड्यांना नको म्हटलं तर ती मुलगी बसली ना? तेव्हा तुझी आई चिडली, आता तू चिडलास. तिच्या गावी विचारणं म्हणजे विचारणं आणि नाही म्हणजे नाही. आठ दिवस ती तुझ्या शब्दाचा मान राखून गप्प बसली आहे आणि तू तिला थंड म्हणालास.

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. १९५२ साली पॅकीने मला लग्नाचं विचारलं. मी रीतीप्रमाणे नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं, नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी पोस्टात होते, रांगेत माणसं होती, लाजून पुन्हा नाही म्हणून गेले. चौथ्याची वाट बघत होते. पॅकीला वाटलं, तीन झाले.

तेव्हा ऊठ, आणि जाऊन हो म्हण. आज.

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि ते तिकीट परत कर.

डीलिया आत्या

डब्लिन
मंगळवार, २७ जुलै, दुपारी चार

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि. आणि आणखी शंभर नमस्कार!

पाकिटावर तू लाल शाईने तातडीचं लिहिलंस, त्यामुळे आईला वाटलं तूच गेलीस. ती रडत पत्र घेऊन दुकानात आली. मी वाचलं, हातातला पाना टाकला आणि धावत सुटलो. आईला वाटलं, दफनालाच निघालो. काही सांगायला वेळ नव्हता, तू जिवंत आहेस हे तिला अर्ध्या तासाने फोन करून कळवलं.

शाळेत वर्ग भरलेला. सात इटालियन, एक जपानी गृहस्थ, रीक्का, आणि कोपऱ्यात तपासणीला आलेल्या साक्षात टूही बाई. मी दारात उभा राहून ओरडलो, हो! तेलकट हात, शर्टाला वंगण. रीक्काने विचारलं, कशाला हो? मी म्हटलं, तळ्याला! मग ती थांबली. अख्खा वर्ग थांबला. एका इटालियनाने छातीवर क्रूस काढला. मग तिने विचारलं की आजच का. मी तुझं पत्रच काढून दिलं. तिने सगळं वाचलं, गाढवा इथे का म्हटलंय तेही विचारून घेतलं. मग घडी घालून परत दिलं आणि म्हणाली की मला विचार करावा लागेल.

टूही बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाल्या की ३१ तारखेनंतर कोण कुठल्या तळ्यात पडतं याबद्दल त्यांच्या वहीत नियम नाही, पण तोवर माझं जेवण स्वयंपाकघरात, उभ्याने. आईचं नाव शाबूत आहे.

पण आत्या, ती विचार करतेय! अजून करतेय! मी काय करू?

तुझा (गाढव),
फियाक्रा

डब्लिन
बुधवार, २८ जुलै

मा. डीलियाबाई यांना,
स. न. वि. वि.

मी रीक्का. सुरुवात अशी करतात हे मला बाबांनी सांगितलं. म्हणजे फियाक्राच्या बाबांनी.

तुमचा भाचा काल हो म्हणाला. त्याआधी बारा दिवस नाही होतं. मधे तुमचं पत्र आलं. त्यामुळे हे हो त्याचं आहे की तुमचं, ते मला कळत नाही. मी त्याला विचारलं. तो खूप बोलला. त्यातलं निम्मं मला समजलं आणि ते फार सुंदर होतं. पण सुंदर बोलणं मी पुरावा मानत नाही.

त्याने नाही म्हटलं त्या दिवशी मला जेवण जात नव्हतं. मी जेवले, कारण तुमच्या वहिनी बघत होत्या. नंतर मी आईला कळवलं की मुलगा येणार नाही. ती फोनवर काही बोलली नाही. माझी आई खूप वाईट वाटलं की गप्प बसते.

बोट शनिवारी सकाळी आहे. आत्याने सांगितलं म्हणून आलेला माणूस मला माझ्या वडिलांसमोर उभा करायचा नाही. तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. कृपा करून जे खरं असेल ते लिहा, वाईट असलं तरी.

आपली,
रीक्का

स्नीम
गुरुवार, २९ जुलै

चि. रीक्का हिस,
अनेक आशीर्वाद.

माझं मत विचारलंस, ते देत नाही. आत्याच्या मताला काही किंमत नसते, ती नेहमी पोराच्या बाजूची. सोबत त्याची चार पत्रं पाठवते आहे. शेवटचं सोडून बाकी तीन माझं ते पत्र त्याच्या हाती पडायच्या आधीची आहेत. तारखा बघ, शिक्के बघ, शिक्के खोटं बोलत नाहीत.

त्याची परवानगी घेतलेली नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, आणि या वेळी ते खरं असतं. चाळीस वर्षांत मी कुणाचं पत्र उघडलं नाही, एकाचं दुसऱ्याला दाखवलं नाही. हे पहिलं. ते वाया जाऊ देऊ नकोस, पोरी.

तुझ्या आईला माझा नमस्कार. अशा बायका मला आवडतात.

तुझी आत्याच समज,
डीलिया

डब्लिन
शुक्रवार, ३० जुलै

प्रिय आत्या,
सा. न.

पत्रं मिळाली. शब्दकोश घेऊन सगळी वाचली. २३ तारखेचं चारदा वाचलं. तो लिहितो की त्याला माझं तोंड बघायचं नाही, आणि पुढे फक्त माझ्या तोंडाबद्दल लिहितो. सुरकुत्या मी आरशात मोजल्या. तीन आहेत.

मला एवढं पुरतं.

आईला फोन केला. मुलगा येईल, असं सांगितलं. ती पुन्हा गप्प बसली, पण ते वेगळं गप्प बसणं होतं. मग म्हणाली की वडिलांना होडी रंगवायला सांगते. त्याला अजून यातलं काही माहीत नाही. खाली स्वयंपाकघरात उभा राहून जेवतोय आणि दर मिनिटाला जिन्याकडे बघतोय, असं तुमच्या वहिनी येऊन सांगून गेल्या. त्यांनी मला बशीभर केक दिला आणि माझ्या पलंगावर बसून थोडं रडल्या. फाटलेला अर्ज बाबांनी कचऱ्यातून काढून चिकटवला आहे. तो मी माझ्या पेटीत ठेवला. तळ्याकाठी टेबल आहे, तिथे तो भरेल.

पत्राच्या शेवटी लोभ असू द्या असं मागायचं असतं म्हणे. मी मागत नाही. मला तो आधीच मिळाला आहे.

आता मी खाली जाते आणि त्याला दुसऱ्यांदा विचारते. आमच्याकडे असं कुणी करत नाही.

तुमची,
रीक्का