जसंच्या तसं

प्रिय धाकट्या,

पत्र उघडल्या उघडल्या आधी शेवट वाचू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे.

तू कॉलेजात असताना बाबांच्या घड्याळदुकानासाठी लिहिलेला तो प्रोग्राम आठवतो ना, टिकटिक ऐकून घड्याळ किती पुढे-मागे पळतंय ते सांगणारा? जुना कॉम्प्युटर गेला आणि तोही अडून बसला. नव्यावर बसवायचा तर त्याची कृती लिहून द्यावी लागते: कुठून आणायचा, कितवी आवृत्ती, कसा जुळवायचा, आणि हे सगळं कंसांत. तू दहा मिनिटांत केलं असतंस. पण तुम्ही दोघं दीड वर्षं एकमेकांशी बोलत नाही, त्यामुळे तुला विचारायचं नाही असं बाबांचं फर्मान निघालं. मग दातांच्या दवाखान्यात दिवसभर अपॉइंटमेंटी लिहिणारी तुझी ताई चार रविवार कंसांत अडकली. एकेका ओळीच्या शेवटी सात-सात कंस मिटायचे. बाबा चिमट्याच्या टोकाने ते मोजायचे, आणि एक कमी भरला की स्क्रू टेबलावर विसरणाऱ्या कारागिराकडे बघावं तसं माझ्याकडे बघायचे.

कंस जमले, तर अवतरणचिन्हाने घात केला. यादीच्या आधी साधं अवतरणचिन्ह टाकलं की मशीन आतलं काही समजून घेत नाही, जसंच्या तसं उचलून पुढे देतं. मी आत 'आवृत्ती' लिहिलेलं. तिथे आकडा यायला हवा होता, तर हा शहाणा तो शब्दच घेऊन बसला. मी त्याला मठ्ठ म्हटलं. बाबा म्हणाले, त्याची काय चूक, तूच त्याला हात लावू नको म्हणालीस. मग माहितीपुस्तिकेत सापडलं: कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक तिरकी खूण असते, अवतरणचिन्हाच्या जागी ती लावायची आणि 'आवृत्ती'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा. म्हणजे बाकी सगळं तसंच राहू दे, पण स्वल्पविराम दिसेल तिथे थांब, त्या शब्दामागे काय आहे ते बघ आणि ते ठेव. बाबांना हे माझ्याआधी कळलं. दुरुस्त केलेल्या घड्याळांना ते चिठ्ठी लावतात ना, उघडू नये, फक्त किल्ली द्यावी, तसंच हे. अडतीस वर्षं मी हेच करतोय, म्हणाले, मला कोणी इंजिनिअर म्हटलं नाही.

प्रोग्राम चालला. पहिलंच घड्याळ लावलं आणि पडद्यावर तुझं ते वाक्य आलं: बाबा, चार सेकंद मागे आहे, आता जरा पाठ टेका. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तेच घड्याळ पुन्हा लावलं. सहा वेळा. मी फळीवरची धूळ पुसत राहिले.

आता शेवट वाच. दीड वर्षापूर्वी सुट्टी मिळणं कठीण आहे असं तू कळवलंस, तेव्हा बाबा म्हणाले, त्याला म्हणावं, यायची काही गरज नाही. मी तेवढंच तुला पाठवलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, आणि निरोप चोख दिला म्हणून वर ऐट. तू लिहिलंस, बरं, नाही येत. तेही मी त्यांना तसंच वाचून दाखवलं. पण ते बोलत होते तेव्हा स्टुलावर चढून तुझ्या खोलीला नवा पडदा लावत होते, हे मी लिहिलंच नाही. सांग म्हणाले नव्हते ना. चूक माझी आहे रे, तुमची दोघांचीही नाही, आणि मला तिची फार लाज वाटते. येत्या शनिवारी बाबा दुकान कायमचं बंद करताहेत. काल मला पुन्हा बजावलं, धाकट्याला म्हणावं, यायची काही गरज नाही. या वेळी मी त्यामागे काय आहे ते बघून निरोप देते आहे: शुक्रवारीच ये.

तुझीच,
निरोप चोख देणारी ताई