पायांना पुरेल अशी जागा

ती. वन्सं यांस,

भावजयीचा नमस्कार. पत्रात आधी प्रकृतीची चौकशी करायची आणि मग मुद्द्यावर यायचं, अशी रीत आहे. या वेळी तुमचे गुडघे हाच मुद्दा असल्यामुळे दोन्ही एकदमच उरकते. गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून एकटा डावाच कुरकुरतो, की उजवाही त्याला सामील झाला? माझं बरं चाललंय. डोळ्यांना चष्मा, चष्म्याला दोरी, दोरीला मी, असे सगळे एकमेकांना धरून आहोत.

फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही "बरं, ठेवते" म्हणता आणि खरंच ठेवता. पत्र ठेवून दिलंत तरी ते टेबलावर पडून तुमच्याकडे बघत राहील.

माझ्या लेकीनं, तुमच्या भाचीनं, तिच्याकडे परदेशी यायला आपल्या दोघींची विमानाची तिकिटं काढली आणि तुम्ही "अकरा तास पाय मुडपून बसणं मला जमायचं नाही" असं सांगून मोकळ्या झालात. मला तुमचं म्हणणं पटलं. (तीस वर्षं मुलींना महासागर शिकवणाऱ्या बाईनं एकही महासागर ओलांडू नये, याबद्दल मला काही म्हणायचं नाही.) मी एकटी जाते आणि तुमचं तिकीट रद्द करायला सांगते, असं मी तेव्हाच कबूल केलं होतं. तेव्हा हे पत्र तुमचं मन वळवण्यासाठी नाही. माझी एक फजिती झाली, ती सांगायला दुसरं कुणी नाही, एवढंच.

त्याचं असं झालं. विमानात कुठं बसायचं ते हल्ली आधीच ठरवता येतं, हे मला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. त्यानं कॉम्प्युटरवर विमानाचा नकाशा काढून दाखवला. वरून बघितलेलं विमान म्हणजे हुबेहूब एका पायाची विजार, आणि तिच्यात काजांसारख्या ओळीनं मारलेल्या खुर्च्या. मी म्हटलं, याचा एक कागद छापून दे, घरी नेऊन नीट बघते. तो म्हणाला, "काकू, यात बघण्यासारखं काय आहे? खिडकी घ्या आणि झोपा." तरुण माणूस आहे, त्याला काय ठाऊक. ज्यांनी तुमच्या बंधूंबरोबर अडतीस वर्षं प्रवास केला, त्यांच्यासाठी जागा निवडणं ही झोपेत उरकायची गोष्ट नव्हे.

मी तीन दुपारी त्या नकाशाचा अभ्यास केला. वाचनालयातून विमानांवरची दोन पुस्तकं आणली. एकात विमान का उडतं एवढंच होतं, ते मी वरवर चाळलं, कारण तो भाग माझ्या अखत्यारीत नाही. दुसऱ्यात खुर्च्यांची माहिती होती. शेवटच्या रांगेतल्या खुर्चीची पाठ मागे होत नाही. काही खुर्च्यांखाली लोखंडी पेटी असते, तिच्यामुळे एका पायाला जागा मिळते आणि दुसऱ्यानं कुठं जायचं ते त्याचं त्यानं बघायचं. मधल्या दारापाशी पाय ऐसपैस पसरता येतात, पण तिथं बसणाऱ्यानं वेळ पडली तर दार उघडून सगळ्यांना बाहेर काढायचं असतं. हा नियम झेरॉक्सवाल्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दणकट माणसं ठरल्या दिवशी कपडे न मिळाल्यावर आमच्या शिलाईच्या दुकानात भांडायला यायची, त्यांना मी एकटीनं दाराबाहेर काढलंय. पण त्याला ते पुरेसं वाटलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही नाही. ते दार सोडून दिलं. राहिली पहिली रांग. तिच्यापुढे भिंत, म्हणजे पुढच्याची पाठ आपल्या गुडघ्यांवर आदळायची भीती नाही. मी नकाशावर तीच दोन-दोनदा मोजली.

(मला वाचायचं हे वेड लागलं ते तुमच्या बंधूंच्या कागदांवरून, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षरं जुळवता येत होती, त्यापुढे गाडी जात नव्हती. हे रद्दी वर्तमानपत्रांवर कपड्यांचे खाके कापायचे, ते भिंतीला खिळ्यावर टांगलेले असायचे, आणि मी काजं करता करता ते वाचायची. त्यामुळे माझं बरंचसं ज्ञान मुंढ्यापाशी, म्हणजे काखेच्या गोलाशी, येऊन तुटतं. एका राजवाड्याला आग लागल्याची बातमी मी एका शर्टाच्या पाठीवर वाचली. आग विझली की नाही ते अजून मला कळलेलं नाही.)

आता तुमच्या घराण्याच्या पायांबद्दल. शाळेतल्या मुली तुम्हाला 'रेखांश' म्हणायच्या, हे कुणाला माहीत नाही असं तुम्हाला वाटतं. तुमच्या बंधूंना नाव पडलं नाही, त्यांचा सरळ दाराच्या चौकटीवर कपाळमोक्ष व्हायचा. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा बसनं निघालो तेव्हा त्यांचा एक पाय वाटेत होता. कंडक्टर तो ओलांडत म्हणाला, "पाहुणे, या पायाचं वेगळं तिकीट काढायला लागेल." हे शांतपणे म्हणाले, "काढतो, पण मग त्याला खिडकीजवळ बसवा." तेव्हापासून आम्ही कुठंही तासभर आधी पोचायला लागलो. बसमध्ये दाराजवळची जागा, सिनेमाला कडेची खुर्ची, लग्नात जेवायला पंगतीचं टोक. ते टोक धरायला मी पुढे पळायची, कारण माझे पाय आखूड असले तरी चपळ होते. तरी एक पाय उरायचाच. तो ते माझ्या जागेत टाकायचे. विचारत नसत. मी आपले पाय पिशवीवर घ्यायची, नाहीतरी ते जमिनीला टेकत नव्हतेच. दोन माणसांचे चार पाय आणि दोन जागा, त्यांतली दीड त्यांची. अडतीस वर्षांत मला कधी अडचण झाली नाही.

विमानाचा विषय घरात आधीही एकदा निघाला होता. भाची परदेशी गेली त्या वर्षीच तिनं बोलावलं होतं. हे म्हणाले, आधी माप पाठव. पोरगी शिंप्याचीच, तिनं पुढच्या खेपेला विमानातच टेप काढला आणि पाठीपासून पुढच्या पाठीपर्यंत एकतीस इंच, असं कळवलं. (शेजारच्या प्रवाशानं तिला आपल्या बायकोच्या ब्लाउजचं विचारलं म्हणे.) मग एका रविवारी यांनी दुकान बंद ठेवलं, एकतीस इंचांवर दोन खुर्च्या मांडल्या आणि अकरा तासांची तालीम करायची ठरवली. तुम्ही चौथ्या तासाला आलात, त्यामुळे पहिले तीन तुम्हाला ठाऊक नाहीत. पहिल्या तासात ते मजेत होते, माझ्याकडे दोनदा पाणी मागितलं आणि मला "बाई" म्हणाले. दुसऱ्या तासात मी ट्रेमध्ये जेवण दिलं, तर तो ठेवायला गुडघ्यांशिवाय जागा नव्हती, आणि गुडघे हनुवटीपाशी, त्यामुळे घास लांबून आणावा लागत नव्हता. तिसऱ्या तासात त्यांनी पुढच्या खुर्चीवरच्या माणसाशी भांडण काढलं. तिथं मी कापडाचा तागा ठेवला होता. आणि मग दार वाजलं, तुम्ही आत आलात, "हे काय चाललंय रे?" म्हणालात, आणि ते म्हणाले, "ताई, उडत्या विमानात चढता येत नाही, बाहेर थांब." तुम्ही त्यांचा कान धरून उठवलंत तेव्हा त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, पण सुटल्याचा आनंद मी तोंडावर बघितला. रात्री म्हणाले, पुढची खुर्ची नसलेलं विमान निघालं की जाऊ. आजार त्याच्या आधी आला.

आता जे बोलायचं टाळत होते ते बोलते. त्यांचे गुडघे अडकू नयेत म्हणून शिलाई मशीनची वरची फळी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती, आणि खुर्चीही तशीच उंच. गेल्या वर्षी मी ते ठोकळे काढले. नंतर तुम्ही आलात, मशीनकडे बघितलंत, चहा अर्धा ठेवलात, आणि त्यानंतर आला नाहीत. वन्सं, माझा पाय पायट्यापर्यंत पोचत नव्हता. गिऱ्हाइकं यायची, त्यांना काय सांगू? ते गेल्यावर तीन महिने मी खुर्चीच्या टोकावर बसून अंगठ्यानं मशीन चालवलं. मग पाठ धरली तेव्हा काढले. सुताराला बोलावलं नाही, एकेक करून मीच काढले, आणि चौथ्याला फार वेळ लागला.

तर फजिती अशी. पहिल्या रांगेतली वाटेकडची जागा पक्की करून, कागद हातात घेऊन, मी झेरॉक्सवाल्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की अख्ख्या विमानात पायांना याहून चांगली जागा नाही. तो म्हणाला, "काकू, रागावू नका, पण तुम्हाला कशाला?" मी खाली बघितलं. त्याच्या त्या उंच स्टुलावर मी बसले होते आणि माझे पाय शाळेतल्या पोरीसारखे लोंबत होते. तीन दुपारी, दोन पुस्तकं, एवढा अभ्यास, आणि मी जागा निवडली होती ती त्यांच्यासाठी. ज्या बाईच्या पायांना पिशवी पुरते, तिनं विमानातली सगळ्यांत लांब जागा अडवली होती.

मी हसायला लागले. तोही हसला. मग मी थांबेना म्हणून त्यानं पाणी आणून दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला बाहेर उभं केलं. भला माणूस आहे. जागा बदलून देऊ का, म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना शेक देत जा, आणि औषधाला कंटाळू नका.

तुमची,
भावजय

ता. क. तुमचं तिकीट रद्द झालेलं नाही. भाचीला सांगायचं राहून गेलं असं लिहिणार होते, पण तुम्ही पेपर तपासणाऱ्या, तुम्हाला कळेल. सांगितलंच नाही. पहिल्या रांगेतली ती जागा त्याच दिवशी तुमच्या नावावर केली. शेजारची माझी.

आणखी एक ता. क. वर मी एकटी जाते असं लिहिलंय, ते खोटं आहे. विमानाची भीती नाही, ते का उडतं ते वरवर का होईना वाचलंय. पण अकरा तास कुणी परका माणूस शेजारी आपले पाय आपल्यापाशी ठेवून बसेल, आणि माझ्या पायांपुढची जागा रिकामी राहील, ते मला बघवणार नाही. तुम्ही नसाल तर मी जाणार नाही. तुमचे पाय माझ्या जागेत आले तर चालतील. विचारायची गरज नाही.

शेवटचा ता. क. शनिवारी दुपारपर्यंत विमान कंपनीला कळवायचं आहे. येणार असाल तर एक ओळ लिहून पाठवलीत तरी पुरे. नाही म्हणायचं असेल तर मात्र पत्र चालणार नाही आणि फोनही चालणार नाही, इथं येऊन तोंडावर सांगायला लागेल. दोन बस बदलाव्या लागतात. दुसऱ्या बसला मागच्या दाराजवळची जागा पायांना सगळ्यांत बरी आहे, मी मंगळवारी जाऊन बसून बघितली. दोनच्या सुमारास ती रिकामी असते.