जाड तेल

अमरावती

प्रिय शुभंकर,

तुझा फोन मी मधेच ठेवला, त्याचा राग आला असेल. येऊ दे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. श्रावणीला रविवारी अकोल्याला पोचवतो, असं तू तिच्या सासऱ्यांना परस्पर कबूल करून बसलास. वर मला बजावलंस की टॅक्सी कर, बाबांची फियाट वलगावपर्यंतसुद्धा जायची नाही. तर ऐक, फियाट दुरुस्त झाली आहे आणि रविवारी आम्ही तीच घेऊन अकोल्याला जातो आहोत.

तिचा तो आवाज तुला आठवत असेल. चढ लागला किंवा चार माणसं बसली की खालून टकटक सुरू. तुझे बाबा काय करायचे, तर जाड तेल ओतायचे, म्हणजे आवाज दबायचा. आणि बडनेऱ्याच्या पुलावर तरीही आलाच, तर जोरात गप्पा मारायचे. गॅरेजवाले खुशालरावही तेच सांगत होते. “वयनी, जाड ऑइल टाकून देतो, आवाज दबते. मंग गिऱ्हाईक पाहून इकून टाका.” तुझी बहीण दिवाळीला माहेरी आल्यापासून कोणाशी धड बोलली नव्हती. ती माझ्या मागून म्हणाली, “काका, दाबाचा कावून? कुठून येऊन राहिला ते तं पाहू.”

तिचा मेकॅनिकलचा डिप्लोमा आपण लग्नाच्या बोलणीत मिरवला होता, नंतर कोणाला आठवलाही नाही. तिने इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. दुसरी काढली आणि टकटक जवळजवळ बंद. त्या सिलिंडरमध्ये स्फोट झाला नाही की तिथल्या रॉडवर जोर येत नाही, म्हणून तिथलंच बेरिंग गेलंय, असं तिने मला समजावलं. मग खालचं चेंबर उघडलं. तेलात झिजलेल्या धातूची चमकी दिसत होती. अर्ध्या बांगडीसारखं बेरिंग निघालं, वरचा पांढरा थर झिजून खालचं तांबं उघडं पडलेलं. आवाज दबला होता रे, झिजणं थांबलं नव्हतं.

खुशालराव म्हणाले, नवं बेरिंग बसवू आणि सोडून देऊ. श्रावणी हटून बसली. बेरिंग ज्याच्यावर बसतं त्या क्रँकच्या दांड्यावर चरे पडलेत, तो घासून गोल केल्याशिवाय नवं बेरिंगही टिकणार नाही. मग इंजिन उतरवलं, क्रँक लेथवाल्याकडे गेला, घासल्यावर जेवढा बारीक झाला तेवढी जाड बेरिंगं आणली. माझी पुरणाची परात रॉकेलमध्ये नट धुण्यात कामी आली आणि मला त्याचं जराही दुःख नाही. गाडी सुरू झाली तेव्हा ही काळ्या हातांनी बॉनेटवर टेकून हसली. तिचं हसणं मी विसरले होते.

तिचा नवरा तिच्यावर हात उचलतो हे तुला माहीत आहे. तू म्हणालास, थोडं जुळवून घेतलं की शांत होईल. आपल्या घरात सगळ्यावर हेच जाड तेल. मी आता ते ओतणार नाही आणि तुलाही ओतू देणार नाही.

लेकीला पोचवायला जाताना ओटी भरतात, डबे देतात. तिकडे सून येणार म्हणून स्वयंपाकही होईल बहुधा. म्हणून हे पत्र, तुला आधी कळावं आणि त्यांना तूच कळवावंस. मी फियाटची मागची सीट काढून पडवीत ठेवली आहे. तिच्या तिकडच्या कपड्यांच्या बॅगा, पुस्तकं आणि हत्यारांची पेटी त्या जागेत नीट मावतील. नवी बेरिंगं आहेत, सावकाश जाऊ. जाताना आम्ही दोघी, येतानाही दोघीच. तुला यायचं असेल तर ये, पण बसने ये. गाडीत जागा नाही.

तुझीच, आणि तिचीही,
आई