रिका म्हणायला शिकताना

आई, या वयात मी परकी भाषा शिकते आहे. भाषा कसली, चार-दोन शब्दच. माझी लेक लग्न करून स्पेनला गेली, तिला मुलगी झाली, यातलं तू काहीच पाहिलं नाहीस. नात आता चार वर्षांची आहे. इथे नाशकात दिवेलागण होते, मी देवापाशी समई लावून फोन उभा करते, तेव्हा त्यांच्या टेबलावर दुपारचं ऊन असतं. त्या उन्हात विहीणबाई नातीला भरवतात आणि मधूनमधून तिचा गालगुच्चा घेऊन म्हणतात, "रिका!" लेकीला अर्थ विचारला. म्हणाली, "आई, पैसेवाला माणूस रिको, चवदार आमटी रिका, आणि न्हाऊन आलेलं गोजिरं लेकरूही रिको. मुलगी असली की रिका." जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी तिन्ही अर्थ लिहून ठेवले. समईचा उजेड आणि तिथलं ऊन एकदम डोळ्यांत आलं की कुठली वेळ आहे तेच उमगत नाही. वाटतं, तू मागे पाटावर बसून तांदूळ निवडते आहेस.

शब्द पाठ झाला, पण तोंडातून निघेना. एकदा नातीने चित्र दाखवलं. मोर होता. मी म्हणाले, "बरा आहे. पिसारा रेघेबाहेर गेला बघ." दुसऱ्या दिवशी ती फोनवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लेक म्हणाली, "ती म्हणते, तिकडच्या आजीला मी आवडत नाही."

"अगं, तोंडावर कौतुक केलं की नजर लागते."

"मग मीठमोहऱ्या ओवाळ, पण म्हण. मला तर आयुष्यात एकदाही म्हणाली नाहीस."

हे मी तुझ्याकडूनच शिकले ना? हरसूलचं आपलं स्वयंपाकघर आहे, मी मॅट्रिक पास झाल्याचं सांगत धापा टाकत आले आहे. तू पीठ मळते आहेस. "बरं. हात धू अन् पाणी आण." शेजारच्या काकू म्हणतात, "पोर हुशार हाय गं तुझी." तू म्हणतेस, "कसली हुशार, साधी भाकर थापता येत नाय." आणि त्या गेल्यावर पिठाचे हात पुसून तू माझ्या कानामागे काजळाचं बोट लावतेस. तेव्हा मला फक्त भाकरीचं ऐकू आलं होतं. बोट कशाचं होतं ते कळायला मला लेक व्हावी लागली. बाळकृष्णाला मी रोज न्हाऊ घालताना गोजिरा, लाडका, काय काय म्हणते. त्याला कुणाची नजर लागणार? माणसांच्या बाबतीत मात्र जीभ टाळ्याला चिकटते.

काल लेकीने बळेच नातीला फोनसमोर आणलं. न्हाऊन आलेली, टॉवेलात गुंडाळलेली, मान खाली. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "रिका." तिने मान वर केली. मग ती खुदकन हसली. "आजी, असं नाही! र्र्रिका!" तिने मला सात-आठ वेळा म्हणायला लावलं, आणि प्रत्येक वेळी मी तिलाच म्हणत होते. फोन ठेवायच्या आधी उठून मीठमोहऱ्या आणल्या आणि ओवाळल्या. हे दारातून बघत होते. "फोनची दृष्ट काढतेस?"

"आतल्या माणसांची," मी म्हणाले. "तुम्ही गप्प बसा."

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुझ्याकडे मी शेवटची आले तेव्हा तू शेवयांची खीर केली होतीस. हात थरथरत होते, तरी मला उठू दिलं नाहीस. वाटी पुढे केलीस आणि जन्मात पहिल्यांदा विचारलंस, "चांगली झालीय का गं?" मी म्हणाले, "ठीक आहे." फार चांगली झाली होती, आई. वाटी मी बोटाने चाटून पुसली, पण तू आत गेल्यावर.