मशीनच्या नाकाला वजन

इंदापूर, कालव्याचा बंगला
ता. २ सप्टेंबर १९५७

ती. हिंदुरावदादास,
जयवंताचा शि. सा. न. वि. वि.

हितं समदी खुशाल. वैनीची कंबर कशी हाय? मागल्या पत्रात तू तिच्याबद्दल एक ओळ लिवलीस आन इंजिनाबद्दल दोन पानं, म्हणून इचारते.

आता मीबी इंजिनाचंच लिवणार हाय, हसू नको. बंगल्यावर पुण्यास्नं गवत कापायचं मशीन आलंय. पेट्रोलवर चालतं. मागं लोखंडी रूळ, पुढं फिरती पाती, आन माणसानं दांडी धरून मागनं चालायचं. पुढं गवत साठायला पत्र्याचा डबा असतो म्हणं. तो वाटंत कुठं पडला कुणाला ठावं, नुसते दोन हूक राहिलेत. सपाटीला मशीन गरिबागत चालतं. पण कालव्याकडनं बंगल्यापतूर जो चढ हाय, त्याला लागलं की नाक उचलतंय. मग दांडी दोन्ही हातांनी वर उचलून धरावी, तवा नाक खाली बसतं. आन ह्यांच्या उजव्या हाताला दोनच बोटं. उसाच्या चरकानं तीन खाल्ली तवापासनं त्या हातात जोर न्हाय, तू जाणतोसच. दांडी निसटती, मशीन आडवं पळतं, मधी-मधी गवताचं पट्टं राहत्यात. न्हाव्यानं अर्ध्यात सोडलेल्या डोस्क्यागत दिसतंय.

ओव्हरसियर म्हणलं, वीस तारखेला मोठं साहेब येणार. तवर समदा चढ मशीननं एकसारखा कापून दाखव, न्हायतर भिगवणचा मानसिंग धडधाकट हाय, त्याला माळी नेमतो. मंजी ह्यांची नोकरी गेली आन ऱ्हायची खोलीबी.

मी ठरवलंय, आमी हितनं हलणार न्हाय. तू वर्कशॉपातला माणूस, काय करायचं ते लिव.

धाकट्या भनीवरची माया आटू देऊ नको.
तुझी
जयवंता


बारामती
ता. ५ सप्टेंबर (कार्ड)

चि. सौ. जयवंतास अनेक उ. आशीर्वाद.

वैनीची कंबर बरी हाय. ती म्हणती, इंजिनाला पाजता त्यातलं चमचाभर तेल मला चोळा. तुझं काम साधं हाय. डबा गेला मंजी वजन गेलं. मशीनला दहा शेर वजन बांधा आन चालवा. तीन इंजिनं उघडी पडलीत, जास्त लिवत न्हाय. दाजींना रामराम.

तुझा दादा


इंदापूर
ता. ८ सप्टेंबर

ती. दादास, शि. सा. न.

तू लई शाणा, पण तुझं कार्ड अर्धं. वजन बांधा लिवलंस. कुठं बांधा ते कुणी लिवायचं?

आमी शेतातली माणसं. ढेकळं फोडाय फळी मारताना बैलांमागं फळीवर माणूस हुबा ऱ्हातो, त्याच्या वजनानं फळी दबती. ह्यांनी तसंच केलं. मागं, दांडीच्या बुडाशी, जिथं माणूस हुबा राहिला असता तितं दोन दगडं चऱ्हाटानं आवळली. मीच गाठी मारल्या. मशीन चढाला लागलं आन बाभळीचा पाला खायला शेरडी मागच्या पायांवर हुबी ऱ्हाती ना, तसं हुबं राहिलं. मग आलं ह्यांच्या अंगावर. नडगी सोलली, कर्दळीचा वाफा झोपला. बरं तर बरं, पाती वरच्या अंगाला हुती.

ओव्हरसियर व्हरांड्यातनं बघत हुते. म्हणले, काय रं थोट्या, मशीनला नाचाय शिकवतोस? झाडलोटीची कुशाबाई पदर तोंडाला लावून हसली. मग तीच हळद घेऊन आली.

हे म्हणले, सोडून देऊ, काटेवाडीला भावाच्या उसावर जाऊ. मी म्हणले, तुमी जावा. मी हितं मशीन चालवते.

दोन हुकांमधलं अंतर धाडते. माझ्या तीन विती आन चार बोटं. माझ्याच हातानं मोजलंय, तुमच्या हातानं मोजलं असतं तर दादानं तीन बोटं कमी धरली असती, असं मी ह्यांना म्हणले तवा पडल्यापासनं पयल्यांदा हसले.

बारा दिस उरलेत. आता नीट लिव. रागावले म्हणून अंतर देऊ नको.
जयवंता


बारामती
ता. ११ सप्टेंबर

राजश्री महिपतराव दाजी यांस,
हिंदुरावाचा स. न. वि. वि.

चूक माझी. मला वाटलं, कुठं बांधायचं हे कुणालाबी कळंल. रोज इंजिनात हात घालून माणूस असा आंधळा हुतो. जयवंताचं पत्र वर्कशॉपात वाचलं, तर आमचा मिस्त्री म्हणला, तुझ्या भनीला हितं कामाला ठेव, तू घरी जा.

दाजी, तुमी दहा वर्षं गाडी हाकली. मागं वझं जास्त झालं की काय हुतं? गाडी उलाळ हुती, जू बैलाच्या मानंवरनं वर उठतं. तुमचं मशीन उलाळ झालंय, एवढंच. त्याला म्होरं बैल न्हाईत म्हणून तुमच्या ध्यानात आलं न्हाय. वझं पुढं सारायचं, हुकांपाशी.

मोडक्या चाकाच्या बिडातनं दोन पट्ट्या कापल्यात, एक सहा शेराची, एक चार. एसटीचे डायवर सर्जेराव यांच्या सीटखाली ठिवून धाडतो, तेरा तारखेच्या सांजच्या गाडीवर जावा. भोकांचं माप वैनीच्या वितीनं घेतलं. ती आन जयवंता एकाच मापाच्या बांगड्या भरत्यात, तवा वीतबी तीच.

दोन्ही पट्ट्या घालाच. बोल्टाखाली वायसर घाला, चऱ्हाट नको. पट्टी बशिवताना इंजिन बंद, आन ठिणगीची तार काढून बाजूला ठिवा. तुमच्याकडं आता बोटं वाया घालवाय न्हाईत.

बोललो ते पोटात ठिवा, ओढ कमी करू नका.
आपला
हिंदुराव


इंदापूर
ता. १६ सप्टेंबर

ती. दादास, शि. सा. न.

पट्ट्या पोचल्या. भोकं अशी बसली की वैनीच्या हातावर ओवाळून टाकावं. सर्जेराव डायवर म्हणलं, बाई, सीटखाली काय तोफ ठिवली हुती का, गाडी वळताना माझंच नाक पुढं जात हुतं.

उलाळ वाचलं आन ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणले, एवढी वर्षं गाडीवर बसून मी काय केलं.

दोन्ही पट्ट्या घातल्या. चढाला नाक उचललं न्हाय. पण सपाटीला आलं आन पाती मातीत घुसली, हरळीला टक्कलच पडलं. हे म्हणले, आता धुरजड झालं, म्होरंच वझं जास्त, चार शेराची काढू. मी म्हणले, दादानं दोन्ही घालाच असं लिवलंय. तर मला म्हणत्यात, दादा बारामतीत हाय, दांडी माझ्या हातात हाय. ह्या आवाजात ते चरकानंतर माझ्याशी बोलले न्हवते. मी भांडायचं सोडून पाना हातात दिला.

एकाच पट्टीवर चार वेळा वर गेले, चार वेळा खाली आले. सुतात धरल्यागत सरळ. दांडी उचलावी लागत न्हाय, नुसती धरायची. तेवढ्याला दोन बोटं रग्गड झाली.

पण ओव्हरसियर म्हणत्यात, सरकारी मशीनला भंगार टांगलंस, साहेब यायच्या आत काढ. हे म्हणले, काढत न्हाय. चार दिस राहिले. मीबी काढ म्हणणार न्हाय.

दोघांकडं ध्यान असू दे.
जयवंता


इंदापूर
ता. २१ सप्टेंबर

राजश्री हिंदुराव यांस,
महिपतीचा रामराम.

हे मी डाव्या हातानं लिवतोय. चार ओळींना सकाळ गेली. जयवंता लिवून देत हुती, मी न्हाय म्हणलो.

काल साहेब आले. चढ समदा कापलेला हुता. साहेब गवत बघत हुते तर ओव्हरसियरनी आपणहून पट्टी दाखवली, का तर मी बोलणी खावी. साहेब म्हणले, काढ. मी काढली. मग ओव्हरसियरला म्हणलो, आता तुमी चालवा. साहेबापुढं न्हाय म्हणायची सोय नव्हती. दोन्ही हात धड, दाही बोटं जाग्यावर. अर्ध्या चढाला मशीननं नाक वर केलं आन त्यांना घिऊन कर्दळीत गेलं. कुणाला लागलं न्हाय.

साहेब हसले न्हाईत. म्हणले, परत बशिव. मी बशिवली आन वरखाली करून दाखवलं. साहेब मागनं चालत हुते, कापड बघावं तसं गवत बघत. जाताना ओव्हरसियरला म्हणले, माळी हाच राहील. मानसिंगाचं नाव निघालं न्हाय.

मग मला म्हणले, बारामतीच्या बंगल्यावर असंच मशीन, असाच चढ. लोखंड धाडून दे, आमचा माणूस लावंल. मी म्हणलो, लोखंड एकलं जात न्हाय साहेब. किती घालायचं ते दांडी धरल्याबिगर कळत न्हाय. मी येतो. जयवंता म्हणती, हे मी कालव्यापल्याड ऐकू जाईल असं बोललो. आसंल.

बेस्तरवारी सर्जेरावांच्या गाडीनं येतो. दोनतीन वजनाच्या पट्ट्या कापून ठिवा. भोकं पाडू नका. भोकं मी सांगीन तितं.

वैनींना सांगा, जेवाय हाय. घरचा समजून वाट बघा.
आपला
महिपती